सोजराचं वावर

सासूबाईंच्या हातून पिठाच्या डब्याचं झाकण खणकन पडलं. माझी लेक मैत्री झोपली होती, तेवढ्या वेळात मी मोबाइलवर सासूबाईंच्या बापाचं वावर शोधत होते. "सातबाऱ्यावरून तुझं नाव कवाच निघालं," असं त्यांचा भाऊ सांगायचा. सरकारी साइटवर हिंगोली, सेनगाव, साखरा सगळं बराबर निवडलं, सासूबाईंचं पूर्ण नाव टाकलं. काहीच सापडेना.

"ऱ्हाऊ दे सरिता," झाकण उचलत त्या म्हणाल्या. "बाप गेला तवा मी परकरात व्हते. माझं नाव कोण ठेवतंय."

"म्हणजे नाव लागलं तेव्हा तुमचं लग्न झालं नव्हतं?"

मी त्यांच्या नवऱ्याचं नाव-आडनाव पुसून त्यांच्या बापाचं टाकलं. खाली नाव आलं: सोजरा किशन खिल्लारे.

पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी मोबाइल जवळ घेतला. मग हसल्या. "मला नातवंडं झाली, अन् ही पोरगी अजून तिथंच बसून हाय व्हय."

"उद्या सेतू केंद्रातून सहीचा उतारा काढू. मग तुमच्या भावाला दाखवा."

तेवढ्यात मैत्री उठून माझ्या मांडीत शिरली. मी तिला आज्जीचं नाव दाखवलं, आज्जीचं वावर म्हणून सांगितलं. तिनं पडद्यावरून बोट फिरवलं.

"मग मम्मी, तुझं नाव कोणत्या वावरात हाय?"