जांभळ्या बादशहाचा कौल

सकाळचे दहा वाजले होते, आणि तोल्जेश गावच्या निसर्ग केंद्रामागच्या जंगलवाटेवर चाळीस माणसं श्वास रोखून एका बोटाकडे बघत होती. बोट ऑरेलगुरूंचं. गुरू पांढऱ्या झग्यात, डोळे मिटून, उजवी तर्जनी आभाळाकडे करून उभे. ओकच्या शेंड्यावरून एक फुलपाखरू गिरक्या घेत उतरलं, उन्हात त्याचे पंख जांभळे लखलखले, आणि ते थेट त्या बोटावर येऊन बसलं. हाच तो जांभळा बादशहा. त्याला एकदा दुर्बिणीतून बघता यावं म्हणून लोक परदेशातून आठवड्याची सुट्टी काढून तोल्जेशला येत आणि मान आखडून घेऊन परत जात. इथे तो पाळलेल्या पोपटासारखा बोटावर बसला होता. गर्दीत कुणीतरी हुंदका दिला.

"बादशहा शुद्ध माणूस ओळखतो," गुरू डोळे न उघडता म्हणाले. "ज्याच्या बोटावर तो बसला, त्याचा रोग गेला. औषध म्हणजे काय? बाटलीत भरलेली शंका. शंका फेका, रोग तिच्या मागे जातो."

गर्दीच्या मागे वेंडेल दात-ओठ खात होता. बावीस वर्षं तो या केंद्रात पाहुण्यांना फुलपाखरं दाखवत आला होता. एका गटाला घेऊन आठ दिवस तिसा नदीकाठी पक्षी दाखवायला काय गेला, काल रात्री परत येऊन बघतो तर हे ध्यान घरात. तीन रात्रींसाठी आलेला हा पाहुणा आता चांगलाच ठाण मांडून बसला होता. म्हणे तो अन्न घेत नाही, नुसतं ऊन पितो. उन्हाबरोबर थोडं पाणी अंगावर घेतलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्याच्या जवळ गेलं की कपाटामागे उंदीर मेल्यासारखा वास यायचा. भक्त त्याला तपाचा दरवळ म्हणत.

वासाचं एक वेळ सोडा. वेंडेलची झोप उडवली होती ती गिझेलामावशीने. केंद्राची ही मालकीण एकाहत्तर वर्षांची, आणि वीस वर्षं इन्सुलिनवर. गुरूंनी तिचं बोट हातात घेतलं, अंगठ्याने चोळून चोळून ते 'उघडलं', आणि बादशहा तिच्या बोटावर येऊन बसला. तेव्हापासून मावशीची सुई बंद. आज तिसरा दिवस.

वेंडेल तडक स्वयंपाकघरात गेला. मावशी टेबलापाशी पाणी पीत बसली होती.

"मावशी, सुई घेतलीस?"

"मला काय धाड भरलीये सुई घ्यायला?"

"न्याहारीपासून पाण्याचा हा तिसरा जग आहे."

"ऊन किती पडलंय बघ."

"तोंड बघ कसं उतरलंय तुझं. डॉक्टरीणबाईंना फोन करतो."

"कर की. विचार त्यांना, त्यांच्या बोटावर कधी बादशहा बसला होता का." मावशीने ग्लास खाली ठेवला. "आणि तुला का रे एवढ्या मिरच्या झोंबल्या? ज्याचं मन स्वच्छ, त्याच्याच अंगावर फुलपाखरू बसतं, हे पाहुण्यांना कोण सांगत होतं? बावीस वर्षं ऐकतेय मी."

वेंडेल सांगायचा खरा. फुलपाखरू अंगावर बसतं ते घामातल्या मिठासाठी, पण सुट्टीवर आलेल्या बाईला 'ताई, तुम्हाला घाम फार येतो' असं कसं सांगणार? त्यापेक्षा स्वच्छ मनाचं बोलणं गोड वाटायचं. बायका खूश व्हायच्या, नाताळला आलुबुखारचा मुरंबा पाठवायच्या. गुरूंनी पेरलं ते वेंडेलने नांगरून ठेवलेल्या शेतात, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात स्वयंपाकीण बोर्बाला तळघराच्या पायऱ्या चढून वर आली. तिने कोर्मोश नावाच्या काळ्या बोक्याला मानगुटीला धरून लटकवलं होतं.

"या चोराला आज घराबाहेर काढते. चीजचा पाचवा गोळा फस्त केला मेल्याने."

"कुठलं चीज?" वेंडेलने विचारलं.

"ते वासाचं. घरभर घाण सुटू नये म्हणून बरणीत घालून तळघरात ठेवते. आत्ता झाकण फिरवून उघडलं, तर बरणी रिकामी."

"म्हणजे बोक्याने झाकण उघडलं, चीज खाल्लं, आणि झाकण परत फिरवून लावलं?"

बोर्बालाने कोर्मोशच्या पंजांकडे नीट पाहिलं आणि त्याला हळूच खाली ठेवलं.

वेंडेल मावशीकडे वळला. "अजून बारा वाजायचेत. तोवर बादशहा खालीच असतो. एकदा, फक्त एकदा, मी सांगतो तसं होऊ दे. तरीही तो गुरूंच्या बोटावर बसला, तर त्यांचा झगा मी रोज माझ्या हाताने धुईन."

"आणि नाही बसला तर?"

"तर तू सुई घ्यायचीस. तिथल्या तिथे."

मावशीला गुरूंची खात्री होती. "चल," म्हणाली.

अकरा वाजता जंगलवाटेवर कोमट पाण्याची बादली आणि साबण आला. फर्मान निघालं: सगळ्यांनी हात धुवायचे, गुरूंनी आधी.

"साबणाने तेजोवलय धुतलं जातं," गुरू म्हणाले.

"मग कच्च्या रंगाचं असणार," बोर्बाला म्हणाली. "माझ्या टेबलावरच्या कापडाला पाप्रिका मिरचीचा डाग पडलाय, तो तीन वर्षं साबणाला दाद देत नाहीये."

कुणीतरी फिसकन हसलं. मावशी म्हणाली, "धुवा गुरुजी. मीही धुते." मग गुरूंचा इलाज चालला नाही. बोर्बालाने त्यांची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि आतून एक पत्र्याची डबी टपकन पडली.

"भस्म आहे ते," गुरू घाईने म्हणाले.

बोर्बालाने डबी नुसती नाकाजवळ नेली. "पाच गोळ्यांचं भस्म," ती म्हणाली आणि करपलेलं पातेलं घासावं तसे गुरूंचे हात घासायला लागली.

वेंडेलने पायातला रबरी बूट काढून वाटेच्या मधोमध ठेवला आणि डबीतलं चीज बुटाच्या टोकावर फासलं. गुरूंनी स्वच्छ, गुलाबी बोट वर केलं आणि मंत्र सुरू केला. बादशहा उतरला. गुरूंच्या डोक्याभोवती त्याने एक फेरी मारली, मावशीने छातीवर हात ठेवला, आणि बादशहा बुटावर जाऊन बसला. पिवळी सोंड उलगडून तो चीज चाटायला लागला.

"तो आपल्याला नम्रता शिकवतोय," गुरू म्हणाले.

तेवढ्यात दुसरा बादशहा उतरला. वाटेच्या कडेला गाढवाने सकाळीच लीद टाकली होती, तिला कुणीही काही चोळलं नव्हतं. हा तिच्यावर जाऊन ऐसपैस बसला. ब्रनोहून आलेल्या एका पाहुण्याने गुडघे टेकून त्या लिदीचे फोटो काढले.

"हा फुलांकडे ढुंकून बघत नाही," वेंडेल म्हणाला. "लीद, घाम, मेलेला बेडूक, सडकं चीज, यांतलं मीठ त्याला हवं असतं. सकाळी त्यासाठीच तो झाडावरून उतरतो. गुरू ज्याचं बोट चोळायचे, त्याच्यावर तो बसायचा. आणि स्वच्छ मनाची गोष्ट माझी. ती थाप होती. मला माफ करा."

मावशी कितीतरी वेळ लिदीकडे बघत होती. "म्हणजे बादशहाच्या लेखी ती लीद आणि मी सारखीच."

"तिला चीजही लागलं नाही, मावशी."

मावशी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वीस वर्षं रोज टोचून घेऊन ती कंटाळली होती. एकदा तरी कुणी 'तू बरी झालीस' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि यात हसण्यासारखं काहीच नाही. तिच्या त्या आशेला ज्याने चीज चोळलं, शरम त्याला वाटायला हवी. मावशीने वेंडेलच्या खांद्याचा आधार घेतला. "फोन कर डॉक्टरीणबाईंना," ती म्हणाली. "आणि सुई आण."

डॉक्टरीणबाई आल्या, साखर मोजली, मनसोक्त रागावल्या आणि संध्याकाळपर्यंत मावशीपाशी बसून राहिल्या. गुरू त्याआधीच, दुपारच्या बसने गेले. बसमध्ये गर्दी होती, तरी त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

आठवड्याने केंद्राच्या फाटकावर मावशीच्या अक्षरात एक पाटी लागली: 'चमत्कार बघायला येणाऱ्यांनी आधी साबणाने हात धुवावेत, आणि दाखवणाऱ्याचेही धुऊन घ्यावेत. एवढं करूनही चमत्कार उरला, तर आम्हाला हाक मारा. आम्हीही बघायला येऊ.'

अजून कुणी हाक मारलेली नाही.