दाराअलीकडचा आवाज

दादाला फोन केला तेव्हा तो गाडीत बसत होता.

"आपल्याकडे गेम खेळायचा डबा होता ना, तो कुठला होता रे?"

"कसला डबा?"

"टीव्हीला जोडायचा. संध्याकाळभर त्याच्यापुढे ठाण मांडून बसायचास."

"अच्छा, तो होय. काळा होता."

"दोन्ही काळेच होते. आधी आला तो मोठा, नंतर आला तो छोटा. आपला कुठला?"

"तेव्हा मी छोटा होतो, म्हणजे तो मोठाच वाटणार." स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. "तुला कशाला हव्यात या चौकशा, प्रोफेसर? तू तर त्याला कधी बोटसुद्धा लावलं नाहीस."

"घ्यायचा विचार आहे."

"तू? कमाल आहे. मग काळा घे." गाडीचं दार लागलं. "बरं, ठेवू का? नंतर बोलतो."

आई गेल्यापासून आमचे फोन असेच होतात. आधी निदान विषय होता. आईची औषधं, आईचा गुडघा, आई नीट जेवते का. दादा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो, त्यामुळे त्याला विचारावं लागे आणि मला सांगावं लागे. आता विचारायला काही उरलं नाही. आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मिटवायला तरी बोललो असतो.

आईचं घर रिकामं केलं तेव्हा तो दोन दिवस आला होता. कपाटं, भांडी, गाद्या यांची वाटणी पटापट झाली. "हे तुला हवं का?" असं विचारलं की तो मान हलवायचा, आणि मला कळायचं की वस्तू नकोच आहेत त्याला, पण आठवणीही नको आहेत. मग त्या घरात जे काही झालं ते आठवणारी मी एकटीच उरले. एकटीच्या आठवणीवर माझा विश्वास नाही. एकच माणूस घेतो त्या मोजमापाला आम्ही कामावरही नोंद म्हणत नाही.

मी कान तपासते. रुग्णालयाच्या तळमजल्यावर आमची खोली आहे, तिच्यात आणखी एक काचेची खोली. रुग्णाला आत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. तेव्हा मला वाटलं, घर आठवत नसेल दादाला, पण त्या खेळाचा आवाज तरी आठवेल. तो ऐकवला तर फोनवर बोलायला काहीतरी निघेल. फक्त आवाज बरोबर हवा.

आमचं घर दोन खोल्यांचं. आई नर्स, बाबा छापखान्यात, आणि दोघांचीही पाळी बहुधा संध्याकाळची. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि दादा. आतल्या खोलीत मी आणि माझी पुस्तकं. मधलं दार लावलेलं, कारण आईचा तसा हुकूमच होता. त्याचा आवाज माझ्या अभ्यासात नको आणि माझी घोकंपट्टी त्याच्या डोक्याला नको. त्यामुळे तो खेळ मी जवळजवळ पाहिलाच नाही. ऐकला मात्र रोज. सुरुवातीची धून, उड्या, नाणी, मग पाण्याचा टप्पा आला की मंद होणारं संगीत, आणि तिथंच दादाचं मरण. दरवेळी तिथंच. मग "छ्या!" आणि पुन्हा सुरुवातीची धून.

जुन्या यंत्रांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार बोलका. कपाळावर भिंग बसवलेला पट्टा, आणि समोरच्याला पटवल्याशिवाय सोडायचं नाही असा स्वभाव.

"तीन पर्याय आहेत ताई. हा पहिला, मोठा. हा दुसरा, छोटा. आणि हा हल्लीचा, तळहाताएवढा. ह्याच्यात खेळ आतच भरलेत, कॅसेट लागत नाही. जोडा आणि खेळा. मुलांना हाच आवडतो."

"मुलांसाठी नकोय."

"मग डोळे मिटून पहिला घ्या. आवाज ऐका नुसता, काय खणखणीत! दुसऱ्यात कंपनीनं पैसे वाचवले. त्याचा आवाज म्हणजे तोंडावर उशी धरून गाणं म्हटल्यासारखं."

त्यानं पहिला लावला. धून तीच होती. प्रत्येक सूर जागच्या जागी होता. आणि मला काही म्हणजे काहीच झालं नाही. ओळखीच्या माणसाचा पासपोर्टचा फोटो पाहावा तसं. दुसरा लावला. जरा बोथट, पण तोही नाही. नवा तर काचेसारखा स्वच्छ वाजला.

"कुठलाच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? ताई, चौथा काही निघालाच नाही!"

रिकाम्या हातानं घरी आले. लेक म्हणाली, "आई, तू फ्रिज घेतानासुद्धा एवढा वेळ लावला नव्हतास." तिचं खरं होतं. फ्रिजचं मला काय हवं ते ठाऊक होतं.

दोन दिवसांनी कामावर एक आजोबा तपासणीला आले. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. आजोबांना वाटलं तपासणी सुरू व्हायला वेळ आहे, म्हणून ते स्वतःशीच गाणं म्हणू लागले. जाड दारातून फक्त खालचे सूर येत होते. शब्द नाहीत, धार नाही. गोधडीत गुंडाळल्यासारखं ते गाणं ऐकलं आणि माझा हात बटणावरच थांबला.

दार वरचे सूर अडवतं. हे मी शिकाऊ मुलींना दरवर्षी शिकवते. आणि दुकानात जाऊन यंत्राच्या पुढ्यात उभी राहून ऐकत होते! तो आवाज मी कायम दाराअलीकडूनच ऐकला होता.

आजोबांनी काचेवर टकटक केलं. "बाई, सुरू करताय ना? की माझं गाणंच आवडलं?"

"आवडलं," मी म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा जिन्याखाली.

"तुमच्याकडे आत एक खोली आहे ना?"

"सामानाची आहे. का?"

"पहिला आणि दुसरा, दोन्ही आत लावा. दार बंद करा. मी इथं बाहेर उभी राहते."

त्यानं कपाळावरचं भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "ताई, तुम्हाला ऐकायचंय की ऐकायचं नाहीये?"

"लावा तर खरं. आणि कुठला लावलाय ते सांगू नका."

तो पुटपुटत आत गेला. धून सुरू झाली. दारातून ती गोल होऊन, कडा घासून बाहेर आली आणि माझे खांदे आपोआप पुढं झुकले, वहीवर झुकावेत तसे. मग त्यानं यंत्र बदललं. पुन्हा तीच धून. आता दोन्ही सारखेच वाटत होते. वरचा फरक दारानं खाऊन टाकला होता. म्हणजे दारानं मला आवाज परत दिला, पण निवड काढून घेतली.

"मध्ये थांबवता येतो का खेळ?" मी दाराशी तोंड नेऊन ओरडले.

"पॉज? येतो की!"

संगीत थांबलं. आणि त्याखालून एक गुणगुण उरली. बारीक, खर्जातली, एकसारखी. दूर कुठंतरी पंप चालू असावा अशी.

मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिले. ही मी विसरले होते. कोणी विचारलं असतं तर सांगताही आली नसती. दादाचा खेळ असा मध्येच थांबायचा. मीही घोकता घोकता थांबायची. घरात आईबाबा नाहीत, बाहेर अंधार पडलेला, आणि दारापलीकडून ती गुणगुण. ती असली की दादा तिथं आहे. नसली तर तो यंत्र बंद करून मित्रांकडे पळालाय आणि घरात मी एकटी. मी किती वेळा पेन वर धरून फक्त तेवढंच ऐकलं असेल.

"आता यंत्र बदलून पॉज करा."

या वेळी संगीत थांबलं आणि मागे काही उरलं नाही. कोणी उठून गेल्यासारखं.

"आधीचा," मी म्हणाले. "तो कुठला होता?"

दुकानदार दार उघडून बाहेर आला तो चेहरा पाडूनच. "छोटा. पॉज आधी त्याच्यावरच केला होता. ताई, सगळी दुनिया पहिला मागते हो. ह्याच्यात ती गुणगुण ऐकलीत का? आवाजाचा भागच स्वस्तातला आहे. घ्यायचाच असेल तर थांबा, आतला एक सुटा भाग बदलतो, गुणगुण साफ जाईल."

"नको."

"फुकट करून देतो."

"नको, राहू दे. तेवढी एक गोष्ट तशीच राहू दे."

"बरं बाई," त्यानं हात जोडले. "आजवर लोक बिघाड काढायला यायचे. जपायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

रविवारी लेकीनं तो आमच्या बाहेरच्या खोलीत जोडला. मी तिला दार लावून खेळायला सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही. आपल्या बाबाला एवढंच म्हणाली, "आईचं काहीतरी चाललंय." मी आतल्या खोलीत बसून दादाला फोन लावला.

"बोल. घाईत आहे जरा."

"ऐक." मी फोन दारापाशी धरला.

धून, उड्या, नाणी. लेकीचा हात बरा होता, पण पाण्याच्या टप्प्यात ती बुडालीच. "शी!" ती पलीकडून ओरडली. मी फोन कानाला लावला. दादा म्हणाला, "कोण खेळतंय?"

"तुझी भाची."

"तिला सांग, तिथं डावीकडे एक बुडबुडा येतो, तो गिळायचा. मला फार उशिरा कळलं ते." मग त्यानं विचारलं, "आवाज असा काय येतोय? लांबून आल्यासारखा."

"दार लावलंय."

तेवढ्यात लेकीला बहुतेक कोणाचा तरी निरोप आला. संगीत थांबलं. दारापलीकडे गुणगुण उरली.

"बंद केलं का तिनं?" दादानं विचारलं.

"नाही. चालू आहे. पॉज केलंय." फोन असला एकसुरी आवाज गाळून टाकतो. त्याला ती गुणगुण ऐकू येणार नव्हती, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. "तूही असाच मध्येच थांबवायचास. आठवतं?"

मला वाटलं तो नाही म्हणेल.

"तू गप्प झालीस की थांबवायचो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अगं, आई सांगून जायची ना, तिच्याकडे लक्ष ठेव. दार लावलेलं. लक्ष कसं ठेवणार? तू ती मूलद्रव्यं मोठ्यानं म्हणायचीस, ती ऐकू आली की बरं वाटायचं. थांबलीस की वाटायचं, झोपली की काय, पडली की काय. मग पॉज करून ऐकत बसायचो." तो जरासा हसला. "बहुतेक वेळा तू नुसती अडकलेली असायचीस. पोटॅशियमपाशी. रोज तिथंच."

माझ्या डोळ्यांसमोर ते दार आलं. पहिल्यांदाच त्याच्या बाजूनं. मी पेन वर धरून बसलेली, तो कंट्रोलर मांडीवर ठेवून. दोघंही एकमेकांसाठी गप्प.

"दादा, तू घाईत होतास ना?"

"आहे. असू दे."

मग तो काही बोलला नाही आणि मीही नाही. दारापलीकडे गुणगुण होती. फोनमध्ये तर तेवढीही नव्हती, पण तो फोन ठेवून गेला नव्हता. मला कळत होतं.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "म्हण ना एकदा."

"आता? वेडा आहेस का?"

"म्हण गं."

मी दाराला पाठ टेकवली आणि सुरू केलं. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम. लहानपणच्याच चालीवर, अधूनमधून श्वास घेत. सोडियम, मॅग्नेशियम मागं पडले. क्लोरीन, आर्गॉन, पोटॅशियम.

पुढचं मला येत होतं. तरी मी थांबले.

"कॅल्शियम," दादा म्हणाला. "अजून तिथंच का गं? चल पुढे."