तिसऱ्या बाकाखालची कातडी बॅग

मी बॅग बोलतेय. कापडी-बिपडी नव्हे हं, अस्सल कातड्याची, पितळी कडीची. मला शिवणारा कारागीर म्हणाला होता, "ही ज्याच्या हातात, तो साहेब दिसणार." केवढी फुशारले होते मी! आज ते बोलणं आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मालक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, तेव्हा मालकीणबाईंनी मला आणलं. माझ्यात असायचं काय? डबा, चष्मा आणि कालचं वर्तमानपत्र. पण रुबाब असा की शिपाई मला बघूनच उठायचा.

मग नवा नियम आला. एमएस्सी नसेल तर प्रमुखपद सोडा. पन्नाशीला टेकलेल्या मालकांनी निमूटपणे कॉलेजात नाव घातलं. तिथल्या सरांनी जुने गुण चाळले. "तुमचं संख्याशास्त्र झालेलंच नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून तो विषय करा. त्याचे गुण एमएस्सीला धरू. पण तास बुडवलेत तर नाही धरणार."

घरी मालकांनी या बीएस्सीच्या वर्गाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? लेक त्याच कॉलेजात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षालाच. "आमचं वरचं शिक्षण," असं ते जेवताना मान ताठ करून सांगायचे. तुकड्या दोन आहेत, ती दुसरीत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

पहिल्या दिवशी आम्ही वर्गात शिरलो. इस्त्रीचा शर्ट, पिकलेले कल्ले आणि हातात मी. अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. "गुड मॉर्निंग सर!" आणि तिसऱ्या बाकावर कोण? लेक! सवयीने तीही उभी राहिली होती आणि डोळे विस्फारून बापाकडे बघत होती.

अहो, तिथेच म्हणायचं ना, "बसा रे, मी तुमच्यातलाच"? पण लेकीसमोर जीभ उचलेना. ते तडक फळ्यापाशी गेले, मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बसा, बसा." फळ्यावर 'संख्याशास्त्र' असं लिहिलं. पुढे काय लिहायचं ते ठाऊक असतं तर आम्ही तिथे कशाला गेलो असतो? खडू हातात धरून नुसते उभे राहिले.

तेवढ्यात शिकवणाऱ्या बाई आल्या. अगदी तरुण. "आपण?"

"मी... विद्यार्थी. एमएस्सीचा. या विषयाचे गुण धरतात म्हणे."

वर्ग फिदीफिदी हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मग बाकावर बसा, काका."

घाईत मालक मला टेबलावरच विसरले. परत येऊन न्यावं लागलं, तेव्हा आणखी एकदा हशा. तिसऱ्या बाकाशी मैत्रिणीने लेकीला विचारलेलं आम्ही दोघांनी ऐकलं. "कोण गं हे ध्यान?"

"काय माहीत," लेक म्हणाली.

मला वाटलं, आत्ता इथेच आपली शिवण उसवावी.

संध्याकाळी घरात दोघंही एकमेकांची नजर चुकवत वावरत होती. "काय झालंय तुम्हाला?" मालकीणबाईंनी विचारलं. "कुठे काय," दोघं एकदम म्हणाली.

पुढच्या तासाला मालक वर्गाच्या दारातून मागे फिरले आणि जिन्याखाली जाऊन उभे राहिले. "नको ती एमएस्सी," असं पुटपुटत होते. वरून लेक धावत आली.

"बाबा, बाई येतील आता."

"तू जा. तुला उगाच माझी लाज."

ती चपलेकडे बघत राहिली. "मी 'काय माहीत' म्हणाले. ऐकलंत ना तुम्ही?"

मालकांनी माझी कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. "ऐकलं."

"मग ओरडा ना मला!"

"कुठल्या तोंडाने ओरडू गं? मीही 'बसा, बसा' म्हणालोच की."

तिने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि पुढे निघाली. दारात आम्हाला बघून टवाळ पोरं मुद्दाम उठली. "गुड मॉर्निंग सर!" लेकीचे कान लालेलाल झाले होते.

"बसा," ती म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

आता मी तिसऱ्या बाकाखाली, चपलांच्या शेजारी असते. माझ्यात दोन डबे असतात. वर्गात शिरताना मला बघून एखादा नवखा अजूनही उठतो आणि मी पुन्हा ओशाळते. एवढीच विनंती आहे, माझ्यासाठी उठू नका. आणि जरा हळू बोला. मालकांना प्रमाण विचलन काही केल्या जमत नाहीये, आणि लेक त्यांना तिसऱ्यांदा समजावून सांगतेय.