ओढणीखालचे बूट

"अजून आवळते. दुखेल जरा. डोळे वर ओढले गेले नाहीत, तर नवरदेव कसला, पेंगणारा कारकून दिसशील."

श्याओमान ओठ चावत आरशात बघत होती. मी तिची कपाळपट्टी घट्ट बांधली.

"ताओबाई, युन्च्याओबाई येतील ना हो आज?"

"मला काय विचारतेस? मी काय तिची बायको आहे?" मी म्हटलं, आणि दोघींनाही हसू आलं. पण माझ्या जिवाला तोच घोर लागला होता.

आमच्या ऑपेरा मंडळीत पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करतात. युन्च्याओ नवरा आणि मी नवरी, असं आम्ही तरुणपणापासून शंगचौच्या खेडोपाडी, कुलमंदिरांच्या रंगमंचांवर नांदलो. घरी माझा खरा नवरा भाताच्या वड्या परतता परतता विचारायचा, "काय, थोरल्या नवऱ्यानं धड नांदवलं का आज?" युन्च्याओनं मात्र लग्न केलं नाही. कुणी स्थळ आणलं की म्हणायची, "एक बायको आहे की. आ-ताओ सवत खपवून घेईल होय?"

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण तिच्याइतकं मला कुणीच जपलं नाही. हे मी तिलाही कधी सांगितलं नाही.

लग्नाच्या प्रवेशात माझा चेहरा लाल ओढणीनं झाकलेला असतो. दिसते ती पायाखालची फळी आणि नवऱ्याचे जाड तळाचे काळे बूट. लोकांनी तिचा चेहरा पाहिला, मी तिची पावलं पाहिली. उजवं पाऊल टाकण्याआधी ती किंचित थांबायची, मी अडखळू नये म्हणून.

यंदा तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी उंच बूट बंद केले. तिनं ते पुसून श्याओमानपुढे ठेवले आणि मला म्हणाली, "तुला नवा नवरा बघितलाय. तरणाबांड आहे."

"मला नको," मी म्हटलं.

"अगं, खेळ थांबवायचा का माझ्या गुडघ्यापायी?"

त्यानंतर ती तालमीला फिरकली नाही.

झांजा वाजल्या. लग्नाची लाल फीत माझ्या हातात आली. तिचं दुसरं टोक श्याओमाननं धरलं होतं. ओढणीखाली बूट तेच होते, टाचेजवळची शिवणसुद्धा तीच. चाल मात्र परकी, भराभर पुढे जाणारी. माझे पायच उचलेनात. समोर बसलेल्या बाया सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या थांबल्या.

विंगेचा पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याखाली करड्या कापडी जोड्यातले दोन पाय दिसले. गुडघ्याची सूज एका पायाच्या घोट्यापर्यंत उतरली होती.

त्या पायांनी डावं पाऊल टाकलं. उजवं टाकण्याआधी ते किंचित थांबले.

श्याओमानच्या हातातली फीत ताणली गेली, तरी मीही थांबले. मग पडद्याआडून ती आणि इकडून मी, आम्ही दोघी चालू लागलो.