ताईचं नाव चढवायचं

ताईच्या पित्ताशयात खडे आहेत हे कळलं, त्या संध्याकाळी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तेलकट बंद कर म्हणजे झालं."

ताई म्हणजे माझी नणंद. पोटाशी उशी धरून ती भिंतीला टेकली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि लांबवू नका असं बजावलंही होतं. विम्याशिवाय ते आम्हाला झेपणारं नव्हतं.

"ह्यांच्या कंपनीच्या विम्यात बहीण बसत नाही," मी म्हटलं. "तुमच्या पेन्शनच्या विम्यात मात्र मुलगी बसते, आई. लग्न झालेलं नसलं, किंवा मोडलेलं असलं तर. जुनं दुखणंही चालतं. नाव चढवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

'मोडलेलं' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. घटस्फोटाचा कागद कपाटात होता, पण सासूबाईंच्या लेखी ताई माहेरपणालाच आलेली होती. जावई बोटीवर नोकरीला. बोट केवढी, आता कुठल्या बंदरात, हे त्या इतक्या बारकाईने सांगत की ऐकणाऱ्यालाच बोट लागून मळमळावं. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. त्यामुळे कुणी जावयांची चौकशी केली की मला एकदम गॅसवरचं दूध आठवायचं आणि मी आत पळायचे.

"मग लग्न झालेलंच नाही असं लिही," सासूबाई म्हणाल्या. "कोण बघायला येतंय?"

"दवाखान्यात बघतील. ओळखपत्रावर ताईच्या नवऱ्याचं नाव आहे. ऐन वेळी विमा नाकारला तर काय करायचं?"

"अगं, पण त्या पेन्शन ऑफिसात काउंटरवर कोण बसतं माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. आमच्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहणारी. घरात आम्ही तिला रेडिओ म्हणतो.

"राहू दे गं वहिनी," ताई म्हणाली. "एवढं काही दुखत नाही." तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं.

"शुक्रवारी सकाळी आपण दोघी जाऊ, आई," मी म्हटलं. "गाडी सांगून ठेवते."

माझा आवाज मुळात चढतच नाही. पण मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, हे त्यांना बरोबर समजलं. मग अबोला सुरू झाला. जेवताना त्या मुलाला म्हणत, "तुझ्या बायकोला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मी मीठ वाढत होते आणि सगळे कागद रोज त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवत होते. त्या ते रोज उचलून टीव्हीवर ठेवायच्या.

शुक्रवारी माझा जप होतो न होतो तोच ताई दुकानात कामाला निघाली. चपलेचा बंद लावायला वाकली आणि तशीच राहिली. वरही येता येईना. सासूबाई पेपर टाकून उठल्या, गुडघे दुखतात तरी खाली बसल्या आणि त्यांनी तिच्या दोन्ही चपलांचे बंद लावले. ताई गेल्यावर दाराला धरून उठत त्या मला म्हणाल्या, "गाडी किती वाजता सांगितलीस?"

ऑफिसात बाकावर माणसं खेटून बसली होती. काउंटरच्या काचेला एवढंसं भोक. वाकून बोलावं लागतं आणि आत ऐकू जावं म्हणून जोरात बोलावं लागतं. त्यामुळे प्रत्येकाचं दुखणं सगळ्यांना पाठ होतं.

"अय्या, काकू!" रेडिओ आतून म्हणाली. "या या. जावईबापू काय म्हणतात? बोटीवरच का अजून?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग."

"मी सांगून चालायचं नाही, आई. पेन्शन तुमची, सांगायचंही तुम्हीच."

त्या जन्मभर फोन खात्यात ऑपरेटर होत्या. त्यांनी पदर सारखा केला, भोकाशी वाकल्या, आणि ट्रंककॉल जोडून द्यावा तशा स्वच्छ बोलल्या. "जावई बोटीवर नाही. कधीच नव्हता. माझ्या मुलीचा घटस्फोट झालाय. ती माझ्याकडे राहते आणि यापुढेही राहणार आहे. तिचं नाव चढवायचंय."

बाकावरची माणसं माना वळवून बघू लागली.

"अगं बाई! काकू, मग एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं मी थापा मारल्या. तू आता स्पेलिंग तेवढं नीट लिही."

रेडिओने खाली मान घालून लिहिलं. मग म्हणाली, "मुलीची सही समोर लागेल, काकू. आणि आजच, बरं का."

सासूबाईंनी तिथूनच फोन लावला. "ताबडतोब इकडे ये... अगं, मालकांना काय सांगायचं म्हणजे? आई विम्यात नाव घालतेय म्हणून सांग. हो, सगळं सांगितलंय मी. ये तू."

ताई आली ती धापा टाकतच. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत काउंटरपाशी पोचली, तेव्हा रेडिओ आपली खुर्ची घेऊन बाहेर आली. ताईने त्या खुर्चीत बसून सही केली. शिक्का पडला.

"वर जाऊन सांगणारच आहेस," सासूबाई रेडिओला म्हणाल्या, "तर हेही सांग. ऑपरेशन आहे. दुपारी सून कामावर असते, माझे गुडघे हे असे. सोबतीला कुणी आलं तर बरं होईल."

रेडिओ ओशाळली. "मी घेईन की रजा, काकू."

"ये," ताई म्हणाली, "पण बातम्या नकोत हं. हसले तर टाके तुटतील माझे."

बाकावरचे आजोबा आधी हसले, मग सगळेच. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. पावती नाकाशी धरून त्या अक्षर न् अक्षर तपासत होत्या, आणि दुसऱ्या हाताने मला खूण करत होत्या, डॉक्टरांना फोन लाव, तारीख घे.