च्वानचौचा नरसिंह

आखातातल्या मुसफ्फा इथल्या गुणवंतशेठच्या ग्रॅनाइटच्या वर्कशॉपमध्ये आत्माराम आठ वर्षं स्वयंपाकघराचे ओटे पॉलिश करत होता. गावी त्याच्या घराण्यात मूर्ती घडवायचे, तरुणपणी त्यानेही घडवल्या होत्या. इथे ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मार्चमध्ये चीनहून लिन मेई ही दगडाची सप्लायर आली. तिचं गाव च्वानचौ, जुनं बंदर. स्लॅब तपासून झाल्यावर चहा पिताना ती शेठना गावच्या बौद्ध मंदिराचे फोटो दाखवत होती. मागून डोकावणारा आत्माराम एका कोरीव खांबाच्या फोटोवर थबकला.

"शेठ, हे चीनमधलं?"

"हो. का रे?"

"हा तर आपला नरसिंह!"

शेठनी इंग्रजीत सांगताच लिन उठून उभीच राहिली. सातशे वर्षांपूर्वी दक्षिण भारतातले व्यापारी त्यांच्या बंदरात राहत, त्यांच्या देवळातले हे खांब पुढे या मंदिरात लागले, असं ती म्हणाली. "माझे वडील दगडावर कोरीवकाम करतात. मांडीवरचा माणूस कोण, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नाही."

तिने लगेच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. आत्माराम स्लॅबवर बसला, मांडीवर गोणपाट घेतलं आणि त्यात नखं रोवून हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगू लागला. शेठ इंग्रजीत सांगत, लिन चिनीत. म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारला.

"बाबा म्हणतात, कारागीर तुमचा की आमचा?"

आत्मारामने फोटो मोठा केला. "वस्त्राच्या चुण्या बघा. हात तुमचा वाटतो. पण गोष्ट आमची. कोणीतरी शेजारी बसून सांगितली असणार."

म्हातारा खळखळून हसला. त्याने आपली छिन्नी कॅमेऱ्यासमोर धरली. आत्मारामने धावत जाऊन लॉकरमधली वडिलांची टाकी आणून दाखवली.

"मूर्ती घडवतोस आणि बोलला नाहीस?" शेठ म्हणाले.

"इथे ओट्यांनाच गिऱ्हाईक, शेठ."

"ओटे खलास! ते दुसरा कोणी करेल. यल्ला, चल, तू हा घडव."

दोन महिन्यांत च्वानचौच्याच करड्या दगडातून नरसिंह उभा राहिला. लिनच्या वडिलांना पाठवायची पेटी बंद झाली, त्या दुपारी आत्मारामने गावी बायकोला फोन केला.

"प्रमिला, आपलं काम चीनला निघालं."

"खाली नाव कोरलंत ना?"

"कोरलं. देवनागरीत."

मग ती म्हणाली, "थांबा, सासूबाईंना देते. तुम्हीच सांगा त्यांना."