मनोहररावांचं नाव शेवटी

मनोहरराव देवघरे हे नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका पंपाच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, आणि मानापानाच्या बाबतीत त्यांच्याइतका हळवा माणूस अख्ख्या एमआयडीसीत शोधून सापडला नसता. सख्ख्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव धाकट्या चुलतभावाच्या खाली छापलं गेलं, तर हे गृहस्थ लग्नाच्या दिवशी बनियनवर घरात बसून राहिले आणि बायकोला एकटीला लग्नाला धाडलं. विभागात कोणी नवीन आलं की त्याला कॉम्प्युटर दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगितली जायची.

प्रेमलता परातेलाही ती पहिल्याच दिवशी कळली होती. प्रेमलता मूळची टायपिंग सेक्शनमधली. गोळीबार चौकाजवळ तिचं घर. वडील जागेश्वर पराते जन्मभर हातमागावर लुगडी विणत आलेले. पोरीने संध्याकाळचा कोर्स करून कॉम्प्युटरची परीक्षा दिली आणि मनोहररावांनी तिला आपल्याकडे मागून घेतलं, पण अजमावून पाहण्यापुरतंच. जमलं तर इथे, नाही जमलं तर परत टायपिंगमध्ये, असं जनरल मॅनेजरांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. टायपिंगच्या शोभाताई तर रोज कंपनीच्या बसमध्ये भेटल्या की म्हणायच्या, "तुही खुर्ची तशीच ठेवली हाय वं मी." त्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ती खुर्ची आता प्रेमलताच्या स्वप्नात यायला लागली होती. जागेश्वररावांनी पोरगी कॉम्प्युटर चालवते म्हणून सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आता परत जायचं म्हणजे कोणत्या तोंडाने?

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तिला काम दिलं होतं हजेरीचं: कोणता कामगार कोणत्या पाळीत, कोणाची सुट्टी कधी, कोणत्या बसमध्ये कोण. शनिवारी मुंबईहून डायरेक्टर येणार होते आणि त्यांच्यासमोर हा प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. तो चालला तर प्रेमलता राहणार, नाही तर हजेरीचं काम मुंबईला आणि प्रेमलता शोभाताईंकडे.

आता या प्रोग्रामची रचना तिमजली होती. अगदी तळाची कामं मनोहररावांनी कधीचीच लिहून ठेवलेली: तारखा मोजणं, बेरजा करणं, प्रिंटरवर नीट रांगेत छापणं. त्यांचा आधार घेऊन विभागातल्याच रविंद्रने पाळ्यांचा आणि सुट्ट्यांचा हिशेब बसवला होता. आणि या दोघांच्या जिवावर प्रेमलताचा हजेरीचा प्रोग्राम उभा होता. आजवर जो तो दुसऱ्याचं लिखाण आपल्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्यायचा. या खेपेला मनोहररावांच्या मनात आलं की आपण शहाण्यासारखं करू. त्यांच्या कामांची एक लायब्ररी, रविंद्रच्या कामांची दुसरी, आणि प्रोग्राम कंपाइल झाला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरला, की मशीनच हवे ते तुकडे उचलून सगळं एकत्र सांधेल. या सांधणाऱ्याला लिंकर म्हणतात. त्याला फक्त या सगळ्यांची नावं ओळीने सांगायची. रविंद्रने ती मनोहररावांच्या एका फाइलमध्ये टाकली: आधी मनोहररावांची लायब्ररी, मग स्वतःची, शेवटी प्रेमलताचा प्रोग्राम. हा क्रम कोणी ठरवला, असं विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. दुसरा काही क्रम असू शकतो, हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि लिंकर अडून बसला. तारीख मोजणारं काम सापडत नाही. बेरीज करणारं सापडत नाही. पाळी सापडत नाही, सुट्टी सापडत नाही. पडदा भरून तक्रारी आल्या.

मनोहररावांना तो स्वतःचा अपमान वाटला.

"माह्या तारखा सापडत नाही म्हणते? पाच वर्षांपासून चालून राहिल्या त्या," ते म्हणाले. "प्रेमलता, तूच नावं चुकीची टाकली असशील."

प्रेमलताने अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. नावं बरोबर होती. लायब्ररीत काय काय आहे ते मशीनला विचारलं, तर सगळं जागच्या जागी. म्हणजे वस्तू फडताळात दिसते आहे आणि शोधणारा म्हणतो घरातच नाही. सगळं पुसून पुन्हा कंपाइल केलं. रविंद्रने मशीन बंद करून चालू केलं. सर्दीपासून वीज जाण्यापर्यंत सगळ्यावर त्याचं हेच औषध होतं. तक्रारी त्याच.

गुरुवारी जनरल मॅनेजर दारात उभे राहून नुसतं "काय म्हणते हजेरी?" एवढंच विचारून गेले.   घरी जाऊन प्रेमलता आईवर उगाच खेकसली आणि मग उगाच भांडी घासत बसली.

शुक्रवारी मशीन शॉपची वार्षिक पूजा होती आणि दुपारी सगळ्या कारखान्याला जेवण. शेडमध्ये पट्ट्या अंथरून पंगती बसल्या. प्रेमलताला जेवायची इच्छा नव्हती, पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती बायकांच्या ओळीत बसली. गोळाभात होता, म्हणजे भातावर डाळीचे वाफवलेले गोळे. नागपूरकराला सांगायला नको, पण गोळाभातावर हिंग-मोहरीचं कढत तेल नसेल तर तो घशाखाली उतरत नाही. झालं असं, की तेलाचं भांडं कँटीनच्या नत्थूजींच्या हातात होतं आणि नत्थूजींना लगेच जाऊन चहाचं आधण ठेवायचं होतं. ते सगळ्यांच्या आधी निघाले. पत्रावळीवर अजून मीठ आणि लिंबाची फोड, एवढंच पडलेलं.

"तेल घेता का, तेल?" नत्थूजी विचारत चालले.

"कशावर घेऊ जी, मिठावर?" बायका हसल्या. नत्थूजी कोणाला आग्रह करणाऱ्यांतले नव्हते. मागेल त्याला वाढायचं, न मागेल त्याला सोडून पुढे जायचं. ओळ संपली, ते भांडं घेऊन तसेच आत गेले. मग भात आला, वर गोळे आले, आणि सगळी पंगत एका सुरात तेल मागू लागली. तेल होतं, भरपूर होतं. पण नत्थूजी एका ओळीत दुसऱ्यांदा फिरत नसत, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

प्रेमलताचा घास हातातच राहिला.

लिंकरही ओळीतून एकदाच जात असणार. त्याच्या हाती सगळ्यात आधी मनोहररावांची लायब्ररी येते. त्या क्षणी कोणीच काही मागितलेलं नसतं. मग तो त्यातलं काहीच न घेता पुढे जातो. रविंद्रच्या लायब्ररीचंही तेच. शेवटी येतो प्रेमलताचा प्रोग्राम, आणि तो सगळंच मागतो. पण तोवर दोन्ही लायब्रऱ्या मागे पडलेल्या. नाही सापडत म्हणतो ते खरंच होतं बिचाऱ्याचं.

पंगतीतून मधूनच उठायची रीत नाही. तिने तो कोरडा भात पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला, बाजूच्या कुसुमताईंचं जेवण होईपर्यंत चुळबुळत बसली, आणि हात धुऊन जवळजवळ पळतच विभागात आली. नावांची फाइल मनोहररावांची; तिला हात न लावता तिने आपल्या टर्मिनलवर नावं हाताने टाकली. उलट क्रमाने. आधी स्वतःचं, मग रविंद्रचं, शेवटी मनोहररावांचं.

मशीन काही बोललं नाही. लिंकर काही बोलला नाही म्हणजे काम झालं. प्रोग्राम चालवला तर प्रिंटर कर्रकर्र करत पहिल्या पाळीची हजेरी छापू लागला. प्रेमलताला रडू आलं आणि हसूही आलं.

रविंद्र ढेकर देत आत आला, पडद्याकडे पाहिलं आणि गार पडला.

"साहेबांचं नाव शेवटी? वरून तुहं पयलं? वेडी झाली काय वं तू?"

"तसंच चालते. दुसरं कसंच चालत नाही."

"अवो, पण पुतण्याच्या लग्नाचं विसरली काय?" त्याने खुर्ची ओढली. डोकं चालवण्यात तो कमी नव्हता. "ऐक माहं. शेवटी ठेव त्यांचं नाव, कामासाठी. अन् वरतं बी राहू दे, मानासाठी. लिंकरले काय फरक पडते? वरचं सोडून देईन."

करून पाहिलं. खरंच काही फरक पडला नाही. प्रेमलताला ते मनापासून पटत नव्हतं, पण उद्या डायरेक्टर येणार होते आणि रुसलेले मनोहरराव तिला परवडणारे नव्हते. रविंद्रने फाइलमध्ये नाव दोनदा लिहून टाकलं.

शनिवारी सकाळी मनोहरराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. हजेरी चालते हे कळल्यावर एकदम खुश झाले, आणि त्याच भरात त्यांनी फाइल उघडली.

"माहं नाव दोनदा काहून?"

रविंद्रला अचानक प्रिंटरचा कागद बदलायचं आठवलं. प्रेमलता एकटीच समोर उरली. चुकून झालं, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण ज्यांनी आपल्याला टायपिंगमधून मागून आणलं त्यांच्याशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"साहेब, वरचं नाव मानाचं आहे. काम खालचं करते," ती म्हणाली, आणि तिने नत्थूजींच्या तेलासकट सगळं सांगून टाकलं.

मनोहररावांचे कान लाल झाले. मग ते स्वतः टर्मिनलवर बसले. वरचं नाव खोडलं; प्रोग्राम चालला. वरचं परत टाकून खालचं खोडलं, पडदाभर तक्रारी. त्यांनी चष्मा पुसला आणि आणखी एक गंमत केली: प्रेमलताच्या प्रोग्रामनंतर, पण रविंद्रच्या लायब्ररीच्या आधी आपलं नाव ठेवून पाहिलं. यावेळी तक्रार रविंद्रच्या कामांकडून आली. प्रेमलताने मागितलं तेवढं मिळालं होतं, पण फक्त रविंद्रलाच लागणारं मागे राहिलं: वार नाही, महिन्याचे दिवस नाहीत.

"म्हणजे माह्यावाचून याचंही चालत नाही," ते हळूच म्हणाले. चेहरा खुलत गेला. "कोणाचंच चालत नाही."

वरचं नाव त्यांनी कायमचं काढून टाकलं.

दुपारी डायरेक्टर आले, जनरल मॅनेजर आले. हजेरी नीट छापून निघाली, पाळीनुसार, बसनुसार. डायरेक्टरांनी कागद चाळला आणि अभिनंदनासाठी मनोहररावांकडे हात पुढे केला. मनोहरराव मागे सरकले. एवढे मागे, की भिंतीलाच लागले.

"आधी इचं अभिनंदन करा," ते म्हणाले. "प्रोग्राम प्रेमलता परातेनं लिहिला. त्याच्याखाली रविंद्रचं काम आहे. आणि सगळ्याच्या खाली मी. मी नसलो तर यातलं काहीच चालत नाही. पाहिजे तर तपासून पाहा, मी पाहिलं."

डायरेक्टर हसले आणि त्यांनी प्रेमलताशी हात मिळवला. जनरल मॅनेजर तिच्या टायपिंगमधल्या जागेबद्दल काही विचारणार, तेवढ्यात मनोहररावच त्यांच्याकडे वळले. "साहेब, शोभाताईंना दुसरी पोरगी द्या. ही आता इथंच राहीन."

जनरल मॅनेजरांनी मान हलवली. प्रेमलताला 'थँक यू' म्हणायचं होतं, पण ती सगळ्यांसमोर ओढणीत तोंड लपवून रडायला लागली.

"आता रडून काय राहिली वं?" मनोहरराव म्हणाले.  "सोमवारी स्टोअरचा प्रोग्राम घ्यायचा आहे. लवकर ये."

तिने डोळे पुसले आणि येते म्हणाली.